खाटेखालची चिठ्ठी

हसनाबाद
८ जुलै २०२४

आदरणीय सर,

मी दैवशाला. आष्टीच्या शाळेत सहावी-सातवीला तुमच्या वर्गात होते, त्याला आता तेवीस वर्षं झाली. कारभारी शिंप्याची मुलगी म्हटलं तर लवकर आठवेल. बाजाराच्या तोंडाशी आमचं दुकान होतं. आता मी स्वतः शाळेत शिकवते. हसनाबादपासून आत सहा किलोमीटरवर एक गाव आहे, तिथे सहावी-सातवीला मराठी माझ्याकडे आहे. राहते हसनाबादला, एका खोलीत. माझे मिस्टर, कल्याण, पुण्याला कंपनीत आहेत, दोन महिन्यांतून एकदा येतात.

तुमचा जुना नंबर शोधून तीन वेळा लावला. रिंग पूर्ण वाजते, कुणी उचलत नाही. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. सातवीत एकोणतीस मुलं आहेत. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध दिला, तर चोवीस जणांचा पावसाळा निघाला, आणि चोवीसही वह्यांत मोर थुईथुई नाचत होता. मी विचारलं, मोर नाचताना कुणी पाहिलाय? एकही हात वर आला नाही. मग मी गाइड बंद केलं. आता ती कोरा कागद पुढे घेऊन बसतात आणि विचारतात, “बाई, काय लिहू?” मी सांगते, मनातलं लिहा. ती पंख्याकडे बघत राहतात. सर, खरं सांगू का, त्यापुढे काय सांगायचं ते मलाही येत नाही.

तुम्ही आम्हाला आधी लिहूच देत नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं. लिहिण्याआधी काहीतरी करून घ्यायचात, लहान लहान कागद असायचे. मी बाबांच्या शिलाई मशीनवर चार पानं लिहिली होती आणि तुम्ही ती शाबासकी देऊन परत दिली होती. पण त्याआधी काय केलं होतं, तेच नेमकं आठवत नाही. ते सांगाल का?

तुमची,
दैवशाला


आष्टी
२९ जुलै २०२४

दैवशाला,

ओळखलं. तुझे वडील माझ्या सदऱ्याचा खिसा न सांगता मोठा शिवत. खडू मावावेत म्हणून.

पद्धत सांगतो. पहिल्या दिवशी वह्या बंद. फक्त बोलू दे. तू विचार. काय दिसलं, कसला वास आला, कोण काय म्हणालं. ‘कसं वाटलं’ हे विचारू नको. मुलं लगेच गाइडकडे जातात.

दुसऱ्या दिवशी कागदाचे तुकडे. एका तुकड्यावर एकच गोष्ट. वाक्य नको, शुद्धलेखन नको. वीस तरी तुकडे. दहानंतर मुलं म्हणतात संपलं. तिथून पुढचे खरे.

तिसऱ्या दिवशी तुकडे जमिनीवर मांडायचे. कोण कुणाजवळ बसतं ते बघायचं. ढीग होतात. जो तुकडा कुठेच बसत नाही तो बाजूला. तो टाकून द्यायचंही धाडस करायचं. मग कोणता ढीग आधी, ते मुलाने ठरवायचं. तू नाही.

चौथ्या दिवशी लिहायचं. तोवर त्यांना लिहायची घाई झालेली असते.

विषय त्यांच्या हाताला लागलेला दे.

फोन नको. पत्र बरं.

रायभान


हसनाबाद
६ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,

तुमचं पत्र वर्गात घेऊन गेले होते. हाताला लागलेला विषय म्हणालात, म्हणून ‘मिरचीची तोडणी’ दिला. या भागात सध्या सगळी घरं मिरचीत आहेत. पिंपळगाव रेणुकाईला बाजार भरतो, तिकडे टेम्पोच्या रांगा लागतात. सकाळी तोडायला जाऊन मग शाळेत येणारी निम्मी मुलं आहेत.

पहिल्या दिवशी म्हणाली, “मिरचीत काय असतंय बाई लिव्हायला?” मी विचारलं, आज तोडताना कुणाची बोटं भाजली? सगळे हात वर. मग थांबेचनात. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या चिठ्ठ्या. दीपमालाने लिहिलं, ‘आई ताकात हात बुडवून बसते.’ एकाने लिहिलं, ‘टेम्पोवाला हॉर्न देतो तेव्हा आजोबा घाबरतात, पोतं शिवायचं राहिलेलं असतं.’ शेवटच्या बाकावरची अर्पिता नावाची मुलगी वर्षभर माझ्याशी चार शब्दांवर बोलली नव्हती. तिने तीन ढीग लावले, शेतातलं, घरातलं, बाजारातलं. मग बराच वेळ बघत बसली आणि घरातला ढीग उचलून सगळ्यांत शेवटी ठेवला. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, “घरी सगळ्यात शेवटी येतो ना, बाई.”

एकाच्याही वहीत मोर नाही.

सर, एक विनंती. पुढच्या महिन्यात शिक्षक दिनाला तुम्ही आमच्या शाळेत याल का? तुमच्या जवळच्या परतूरपर्यंत गाडी पाठवते. मुलांशी अर्धा तास बोला. आणि पुढचा विषय कोणता देऊ तेही कळवा. फोन केलात तर दोन मिनिटांत होईल. मी साडेपाचनंतर खोलीवरच असते, बोलायला कुणी नसतं.

तुमची,
दैवशाला


आष्टी
३० ऑगस्ट २०२४

दैवशाला,

मिरचीचं वाचलं. ताकातले हात चांगले. पोत्याचं त्याहून चांगलं.

मी येणार नाही. बोलावू नको.

पुढचा विषय. घरातलं असं काही, जे अजून कुणाला सांगितलं नाही. मोठं नको. आई साखर कुठे लपवते, एवढंही चालेल. मुलांना अशा गोष्टी नीट आठवतात, कारण त्या रोज सांभाळाव्या लागतात. चिठ्ठ्या जास्त होतील. ढीग लावायला वेळ दे. शेवट कुठे करायचा हे त्यांना ठरवता येत नसेल तर विचार, यातलं कोणतं सांगून झाल्यावर तुला गप्प बसावंसं वाटेल? तो शेवट.

फोन नको हे लिहिलं होतं.

रायभान


हसनाबाद
१८ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

तुम्ही येणार नाही हे वाचून वाईट वाटलं. पण आजकाल कुणी बोलावलं की माणसं टाळतातच, तुम्हालाही तुमची कामं असतील. पुन्हा आग्रह करणार नाही.

नवा विषय दिला. तुम्ही म्हणालात तसंच झालं, चिठ्ठ्या दुप्पट आल्या. एकाच्या आजोबांनी गोळ्या न खाता उशीखाली साठवल्या आहेत. एकीचा भाऊ दहावी नापास झाला ते गुणपत्रक तिने गव्हाच्या कोठीत ठेवलंय. केंद्रप्रमुख आले होते, त्यांनी वह्या चाळल्या आणि दुसऱ्या शाळांनाही दाखवा म्हणाले. बहुतेक दिवाळीनंतर तालुक्याच्या शिक्षण परिषदेत मला यावर बोलायला लावतील. ‘आधी जमवा, मग मांडा’ असं नाव द्यावं म्हणते. तुमचं नाव अर्थातच घेईन.

सहावीलाही सुरू केलंय. त्यांच्या चिठ्ठ्यांवर शब्दांपेक्षा चित्रंच जास्त आहेत, ती चालतील का?

अर्पिता आठ-दहा दिवस आली नाही, ताप असेल, या दिवसांत साथ आहेच. बाकी हजेरी चांगली.

गणपतीला कल्याण येणार होते, रजा मिळाली नाही. तुमची तब्येत बरी असेल.

तुमची,
दैवशाला


आष्टी
४ ऑक्टोबर २०२४

दैवशाला,

चित्रं चालतील.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. केंद्रप्रमुखांवर पाच ओळी आहेत. अर्पितावर दीड. ज्या मुलीने घराचा ढीग शेवटी ठेवला ती दहा दिवस नाही आणि तू तिच्या घरी गेली नाहीस? तू असं करणारी नाहीस. सातवीतही तुला खोटं लिहिता येत नव्हतं. अक्षर मोठं व्हायचं. त्या दीड ओळीत झालंय.

काय झालं ते लिही.

रायभान


हसनाबाद
९ ऑक्टोबर २०२४

सर,

लिहिते.

नव्या विषयाच्या चिठ्ठ्या झाल्यावर मी त्या सगळ्यांकडून मागून घेतल्या. म्हटलं, घरी निवांत वाचते, चांगल्या निवडते. बाईंनी मागितल्यावर मुलं देतात. अर्पिताने मात्र आपला गठ्ठा दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, लाजते आहे. मी म्हणाले, “दे गं, खाते का मी तुला?” वर्ग हसला. तिने दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी निवडक चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. नाव घेणार नाही असं आधी सांगितलं. एक चिठ्ठी मला फार आवडली होती. ‘आईचा फोन दुपारच्या सुट्टीत येतो, आजी शेतात असते तेव्हा.’ केवढ्याशा वाक्यात केवढं घर आहे, असं मी मुलांना समजावत होते. तेवढ्यात मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बाई, ही अर्पिताची हाय. तिचीच आई न्हाई घरी.” सगळ्या माना मागे वळल्या. अर्पिता समोर बघत होती, माझ्याकडेही नाही, फळ्याकडे.

मला माहीत नव्हतं, सर. शाळेत तिच्या आजीने सांगितलं होतं की सून माहेरी आहे, सुनेची आई आजारी असते. खरं म्हणजे अर्पिताची आई उन्हाळ्यात घर सोडून गेली आहे. वाळूजला एका कंपनीत पॅकिंगचं काम करते. अर्पिताचे वडील जालन्याला सळयांच्या कारखान्यात आहेत, शनिवारी घरी येतात. आईचं नाव घरात घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आई कुणाच्या तरी फोनवरून गुपचूप लेकीशी बोलायची. वर्गातलं बोलणं संध्याकाळपर्यंत गावात गेलं आणि शनिवारी वडिलांच्या कानावर. घरातला फोन त्यांनी उंबऱ्यावर आपटून फोडला. हे मला दीपमालाने सांगितलं. अर्पिता त्या सोमवारपासून आली नाही.

तिच्या चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत. बाकीच्या मी नंतर वाचल्या. वाचायला नको होत्या, पण वाचल्या. एकीवर आहे, ‘मी आईला म्हणाले, तू येऊ नको. पप्पा मारतील.’ सर, बारा वर्षांची मुलगी. आई नको म्हणून नाही, आई नीट राहावी म्हणून ती तिला येऊ नको म्हणते. आणि तिच्याकडे दुपारचा तो एक फोन होता, तोही मी घालवला.

मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. शाळेत कुणाशी हे बोलले नाही. कल्याणना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, तू कशाला मनावर घेते, त्यांच्या घरचं ते बघतील. खोलीवर आल्यावर मी रोज भाकरी करते आणि बहुतेक वेळा ती सकाळी गाईला घालते.

मला वाटलं होतं, चांगलं चाललंय एवढंच तुम्हाला कळवावं. तुमच्यासमोर नापास व्हायचं नव्हतं.

दैवशाला


आष्टी
२४ ऑक्टोबर २०२४

दैवशाला,

हे पत्र दहा दिवस लिहितो आहे. आता तूही ऐक.

दोन वर्षं झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला. उजवी बाजू गेली. जालन्याच्या दवाखान्यात महिना काढला. पाय परत आला, हात अर्धा आला. बोलणं आलं नाही. आतमध्ये सगळं आहे. पाणी मागायचं ठरवतो आणि तोंडातून ‘भिंत’ असं काहीतरी निघतं. कळतं की चुकलं. दुरुस्त करायला जातो तर आणखी चुकतं. म्हणून मी बोलणं बंद केलं. म्हणून फोन नको. म्हणून तुझ्या शाळेत येणार नाही.

लिहिताना शब्द येतात. पण रांगेत येत नाहीत. मी डाव्या हाताने एकेक चिठ्ठी करतो. ढीग लावतो. मग उतरवतो. मुलांना शिकवलेलं आता स्वतःला करावं लागतं. तुला माझी पत्रं तुटक वाटली असतील. रागाची वाटली असतील. राग नव्हता. तेवढीच मांडता येत होती.

सुग्रीव, माझा मुलगा, पुण्याला असतो. शेजारच्या कडूबाच्या फोनवर रोज विचारतो. कडूबा म्हणतो, “सर बिलकुल बराबर हायेत.” मी शेजारी उभा असतो. सुग्रीवची आई, आसराबाई, जाऊन सहा वर्षं झाली. ती असती तर माझ्या ‘भिंत’चं पाणी तिला कळलं असतं. मंगळवारी बाजाराला जुने विद्यार्थी भेटतात. लांबूनच हात जोडतात आणि जल्दी निघून जातात. जवळ आलेले मोठ्याने बोलतात. जसा मी बहिरा आहे. हळूहळू कुणीच काही विचारेनासं झालं. जुलैत तुझं पत्र आलं. तू मला प्रश्न विचारला होतास. दोन वर्षांत पहिला.

आता मुख्य. तुझं पत्र आल्यावर मी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. ऑगस्टच्या पत्राच्या. सगळ्या डब्यात ठेवतो. एक कमी वाटली. काल कडूबाने खाट सरकवून झाडलं, तेव्हा भिंतीशी सापडली. ती सोबत पाठवतो. वाच.

‘या विषयाच्या चिठ्ठ्या मागायच्या नाहीत. मुलाने आपण होऊन दिली तर वाचायची. मोठ्याने कधीच नाही.’

हे मी तुला लिहायला हवं होतं. सगळ्यांत आधी. चिठ्ठी खाली पडली आणि मला कळलं नाही. पूर्वी मला कळलं असतं. माझी ही गत तुला आधीच सांगितली असती तर तूही विचारलं असतंस, सर, काही राहिलं का? मी मास्तर म्हणून मिरवत राहिलो. ही चूक तुझ्या एकटीची नाही.

तिच्या घरी जा. जाण्याआधी काय बोलायचं त्याच्या चिठ्ठ्या कर. ज्यांत तुझी सफाई आहे त्या फाडून टाक.

रायभान


हसनाबाद
२२ नोव्हेंबर २०२४

सर,

उत्तराला उशीर झाला. दिवाळीनंतर निवडणुकीची ड्यूटी लागली, परवा मतदान झालं. पण खरं कारण ते नाही. तुमच्या पत्राला उत्तर लिहायला बसले की फोनचंच आठवायचं. मी तुम्हाला तीन वेळा फोन लावला होता. ती रिंग तुम्ही समोर बसून ऐकत असाल, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. आणि वरून मी लिहिलं, माणसं टाळतात म्हणून.

भाऊबीजेनंतर अर्पिताच्या घरी गेले. तुम्ही म्हणालात तशा आदल्या दिवशी चिठ्ठ्या केल्या होत्या, सतरा. ‘मला माहीत नव्हतं’ फाडली. ‘मी नाव घेतलं नव्हतं’ फाडली. ‘मुलीच्या भल्यासाठीच’ फाडली. शेवटी एकच राहिली.

दारात तिची आजी होती, गोजरबाई. मिरच्यांची देठं काढत बसलेली. मला बघून उठली नाही.

“कशाला आल्या बाई?”

“चूक माझी आहे. मी तिच्याकडून ते मागायला नको होतं, आणि वाचायला तर नकोच होतं.”

तिने हातातल्या मिरचीचं देठ काढून टाकलं. मग म्हणाली, “फोन फुटला. लेकरू चार दिवस जेवलं न्हाई. आता जेवती, पण बोलत न्हाई.”

मी विचारलं, “तिला मारलं का?”

“तिला न्हाई. तिला हात लावला तं मी हाय ना. सुनेच्या वक्ताला मी गप बसले, त्याचं भोगून राह्यले.”

मग ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. म्हणाली, “तुम्हाला काय वाटलं, मला ठाव नव्हतं? पहिल्या दिवसापासून ठाव व्हतं. म्हून तं मी दुपारी शेतात जायचे. भर दुपारी कोण जातं बाई शेतात? बांधावर लिंबाखाली बसून ऱ्हायचे, तिचं बोलणं होईस्तोवर. नातीला वाटायचं आजीला माहीत न्हाई. तसंच चाललं व्हतं ते, बरं चाललं व्हतं.”

अर्पिता आतल्या दाराला धरून उभी होती. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती, सर. तिचा चेहरा बघून मला ते कळलं. आजीलाही कळलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मी मध्ये उभी.

मी पाकीट काढलं. तिच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यात बंद करून नेल्या होत्या. तिच्या हातात दिलं. तिने घेतलं, मोजल्या नाहीत. गोजरबाई म्हणाली, “शाळेत न्हाई धाडायची आता. जा तुम्ही.” मी निघाले.

त्यानंतर दोन-अडीच आठवडे झाले. ती आलेली नाही. मी माझ्या फोनवरून तिच्या आईशी बोलणं करून देईन म्हणून दीपमालाकडे निरोप पाठवला होता. उत्तर आलं, आईचा नंबर फुटलेल्या फोनमध्येच होता, ‘मावशी’ नावाने. पाठ नव्हता.

शिक्षण परिषदेत बोलायला मी नकार दिला. वर्गातल्या चिठ्ठ्या चालू आहेत, पण मी आता कुणाच्या मागत नाही. मुलं आपली आपण मांडतात, आपली आपण गोळा करतात. काही जण आणून दाखवतात, काही जण दप्तरात ठेवतात.

तुमची,
दैवशाला


आष्टी
६ डिसेंबर २०२४

दैवशाला,

बरं केलंस. माफी मागायला परत जाऊ नको. एकदा पुरे. परत परत गेलं की ती आपल्यासाठी होते.

तिचा फोन गेला. नंबर गेला. पण कागद आहे. हे मला उशिरा कळलं. बोलणं बंद झाल्यावर मी दीड वर्ष नुसता बसलो. कुणी एक पाकीट दिलं असतं तर आधी कळलं असतं.

आईचा पत्ता तिला माहीत असेल. मुलांना असतो. शाळेत आली तर पाकीट दे. पत्र लिही म्हणू नको. काय लिहिलं विचारू नको. उत्तराला तुझ्या खोलीचा पत्ता दे. आजीच्या कानावर घाल. तिच्या मागे काही करू नको.

सुग्रीवला मी काल पत्र टाकलं. पहिलंच. त्यात लिहिलं, कडूबा सांगतो ते खरं नाही. मी बराबर नाही. मला इथे फार एकटं वाटतं. ही एक ओळ लिहायला मला चिठ्ठी करावी लागली नाही.

रायभान


हसनाबाद
२३ डिसेंबर २०२४

सर,

९ तारखेला गोजरबाई अर्पिताला हाताला धरून शाळेत घेऊन आली. वर्गाच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाली, “हिला काही वाचायला लावू नका.” मी म्हणाले, नाही लावणार. मग तास संपेपर्यंत ती बाहेर ओट्यावर बसून राहिली. अर्पिता तिच्या जुन्या जागेवर बसली. दीपमाला उठून तिच्या शेजारी गेली.

तुमचं पत्र त्याच आठवड्यात आलं. मी आधी गोजरबाईला शेतात गाठलं आणि सांगितलं. तिने विचारलं, “तिच्या बापाला कळंल?” मी म्हणाले, माझ्याकडून नाही. ती म्हणाली, “मंग मला काहीच सांगितलं न्हाई तुम्ही,” आणि तुरीत शिरली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्पिताला तिकीट लावलेलं पाकीट आणि चार कोरे कागद दिले. उत्तराचा पत्ता एका चिठोरीवर लिहून दिला. एवढंच म्हणाले, “तुला हवं असेल तर.” तिने ते दप्तरात ठेवलं. दोन दिवस काही नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती एकटीच वर्गात थांबली. मी बाहेर व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसले. खिडकीतून दिसत होतं, तिने फरशीवर कागदाचे तुकडे मांडले होते, खूप. ती गुडघ्यांवर बसून एक उचलायची, दुसरीकडे ठेवायची. एक तुकडा तर तीन-चार वेळा या ढिगातून त्या ढिगात गेला. मग ती लिहायला बसली. मी आत गेले नाही.

तासाभराने बाहेर आली. पाकीट चिकटवलेलं होतं. पत्ता तिने स्वतः लिहिला होता. वाळूजला गेल्यावर आईने फोनवर तो तिच्याकडून पाठ करून घेतला होता, कधी लागला तर म्हणून. पाकीट माझ्या हातात देताना तिने पत्त्याची बाजू खाली केली. मीही ते तसंच धरलं, हसनाबादला पोस्टाच्या पेटीत टाकेपर्यंत.

त्याला आता नऊ दिवस झाले. बुधवारी तिने विचारलं, “बाई, वाळूजला पत्र किती दिवसात जातं?” मी म्हणाले, तीन-चार. त्यानंतर तिने विचारलं नाही. सकाळी मी वर्गात शिरले की ती माझ्या हाताकडे बघते, मग वही उघडते. संध्याकाळी खोलीवर आले की मी आधी दाराखाली बघते. कधी विजेचं बिल असतं, कधी काहीच नसतं. मी तिच्याइतकीच वाट बघते आहे, हे तिला सांगता येत नाही.

सुग्रीवभाऊंचं काही आलं का? आलं नसेल तरी मी या रविवारी आष्टीला येते आहे. तुम्ही काही बोलायचं नाही, मीच बोलेन, आणि चुकीचं काही बोलले तर तुम्ही लिहून दाखवा. घाई नाही, संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ आहे.

आणखी एक. आज मधल्या सुट्टीत अर्पिता टेबलाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, पत्राचं विचारते आहे. पण तिने आणखी एक पाकीट मागितलं. म्हणाली, “पयल्यात एक सांगायचं राह्यलं.”

तुमची,
दैवशाला